प्रश्न तुमचे : मायक्रोवेव्हमध्ये रसायनं सुकवायची तर भांडं कुठलं घ्यायचं?

पावसाळा सुरू झाला की आपल्या सदराकडे सुकवासुकवीचे प्रश्न येतात. या वेळी तर पाच-सहा जणांनी जवळपास एकच गोष्ट विचारलीये, घरातल्या मायक्रोवेव्हमध्ये अमुक रसायन सुकवायचंय, भांडं कुठलं चालेल. प्रत्येकाचं रसायन वेगळं असल्यामुळे उत्तरंही वेगळी आहेत, म्हणून सगळी एकत्रच घेतलीयेत. स्वतःचं उत्तर वाचून थांबू नका, बाकीचीही वाचा.

मॅडम, मी ठाण्यात राहतो, फोटोग्राफीची हौस आहे. लेन्सला बुरशी लागू नये म्हणून हवाबंद डब्यात ओलावा शोषणारी निळी सिलिका जेल ठेवतो. ती आता पूर्ण गुलाबी झालीये, साधारण २०० ग्रॅम असेल. मायक्रोवेव्हमध्ये सुकते असं मित्र म्हणाला. घरात स्टीलच्या वाट्या, 'मायक्रोवेव्ह सेफ' लिहिलेले प्लास्टिकचे डबे, काचेचा बोल आणि चिनी मातीच्या बशा आहेत. यातलं काय घेऊ?

काचेचा बोल, पण तो बोरोसिलिकेट काचेचा असेल तरच. आणि एकदा जेलसाठी वापरलात की तो बोल स्वयंपाकघरात परत जाणार नाही हे आधीच घरात सांगून टाका, नाहीतर दोन महिन्यांनी कोणीतरी त्यात श्रीखंड काढून ठेवेल.

काच-काच म्हणजे सगळी सारखी नसते. आपले साधे ग्लास, लोणच्याच्या बरण्या, जॅमच्या बाटल्या हे सगळं सोडा-लाइम काचेचं असतं. तापल्यावर ती जितकी फुगते त्याच्या साधारण एक तृतीयांशच बोरोसिलिकेट फुगते, म्हणून एक बाजू गरम आणि एक गार झाली तरी ती सहसा तडकत नाही. ही काच जर्मनीत ऑटो शॉट यांनी १९व्या शतकाच्या शेवटी बनवली, अमेरिकेत १९१५ मध्ये पायरेक्स नावाने ती स्वयंपाकघरात आली, आणि आपल्याकडे १९६२ पासून बोरोसिल कंपनी आहे, ती इतकी रुळलीये की आपण कुठल्याही अशा काचेला बोरोसिलच म्हणतो. प्रयोगशाळेच्या भांड्यावर ३.३ असा आकडा छापलेला असतो, तो याच काचेचा. तुमच्या बोलवर काहीच लिहिलेलं नसेल तर तो सोडा-लाइमचा आहे असं धरून चाला.

तरीही एक चाचणी करा. रिकामा बोल मायक्रोवेव्हमध्ये ठेवा, शेजारी एका कपात पाणी ठेवा आणि फुल पॉवरवर १ मिनिट चालवा. पाणी गरम आणि बोल गार असेल तर बोल लहरी खात नाहीये, चालेल. बोलच गरम झाला तर तो बाद. बशांनाही हीच चाचणी लावा, पण सोनेरी किंवा चंदेरी काठाची बशी असेल तर चाचणीसुद्धा नको, त्या रेघेत धातू असतो आणि ठिणग्या उडतात. तळाशी झिलई नसलेली बशी किंवा मातीचं भांडंही नको, ते धुतल्यावर पाणी पितं आणि मग स्वतःच तापतं. स्टीलचं तुम्हाला माहीत असेलच, लहरी त्यावरून परत फिरतात, आतल्या वस्तूपर्यंत नीट पोचतच नाहीत.

आता सुकवायचं कसं. जेल पसरट भांड्यात पातळ थरात घाला, बोटाच्या एका पेरापेक्षा जाड थर नको, झाकण अजिबात नको कारण वाफेला बाहेर जायला वाट हवी. पॉवर ३० टक्क्यांच्या आसपास ठेवा. कान देऊन ऐकलंत तर कळेल, बऱ्याच मशिनांमध्ये ३० टक्के म्हणजे मंद लहरी नसतात, पूर्ण जोराच्याच लहरी थोडा वेळ सुरू आणि जास्त वेळ बंद असं चाललेलं असतं, घरघर येते आणि जाते. त्या मधल्या शांततेत उष्णता दाण्यांमध्ये पसरते, म्हणून कमी पॉवर. ३ मिनिटं झाली की दार उघडा, वाफ जाऊ द्या, लाकडी चमच्याने हलवा, परत ३ मिनिटं. पहिल्या दोन फेऱ्यांत दाराची काच आतून धुरकट होईल आणि कडेला थेंब ओघळतील, ते पुसून घ्या, नाहीतर तेच पाणी परत जेलमध्ये जातं. वाटाणे भाजताना येतो तसा तडतड आवाज आला तर पॉवर जास्त झालीये, दाणे फुटताहेत.

थांबायचं कधी हे रंगावर सोडू नका, वरचे दाणे निळे दिसतात आणि खालचे अजून गुलाबी असतात. स्वयंपाकघरातला १ ग्रॅम दाखवणारा वजनकाटा पुरतो. समजा सुरुवातीला २०० ग्रॅम होती, मग १८५, मग १७२, मग १६५, १६४, १६४. दोनदा लागोपाठ तोच आकडा आला की पाणी गेलं, तिथे लगेच थांबायचं, आणखी एक फेरी "असू दे" म्हणून द्यायची नाही. कारण या सगळ्याचं मर्म इथेच आहे. पाणी आहे तोपर्यंत लहरी मुख्यतः पाणी खातं, वाफ होऊन जाताना ते उष्णता बरोबर नेतं, त्यामुळे तापमान आवाक्यात राहतं. पाणी संपलं की त्या लहरींना घ्यायला कोणी उरत नाही, मग त्या जातात भांड्यात, फिरत्या ताटलीत, नाहीतर परत लहरी तयार करणाऱ्या मॅग्नेट्रॉनवर, आणि त्याचं आयुष्य कमी होतं. जेलचंही नुकसान होतं, फार तापली की निळा रंग काळपटतो आणि मग ती ओली आहे की कोरडी हे कळायचा मार्गच राहत नाही.

बोल बाहेर काढल्यावर कोरड्या लाकडी पाटावर किंवा घडी केलेल्या जाड फडक्यावर ठेवा. हे मुद्दाम सांगतेय. माझ्या स्वतःच्या घरी मी चांगली जाड काचेची डिश मायक्रोवेव्हमधून काढून कडप्प्याच्या ओट्यावर ठेवली होती, ओटा नुकताच पुसलेला, ओला होता. टक् असा एकच आवाज आला आणि तळाला या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर गेली, दोन सेकंदांनी डिशचे दोन तुकडे झाले आणि आतले दाणे ओटाभर घरंगळले. काच बोरोसिलिकेट असली तरी ओल्या गार दगडाशी तिची परीक्षा पाहू नका.

आणि त्या निळ्या रंगाबद्दल. तो कोबाल्ट क्लोराइडचा असतो, कोरडं असताना निळं, पाणी धरलं की गुलाबी. कोबाल्टचे क्षार पोटात किंवा श्वासात जाणं चांगलं नाही, कॅन्सरच्या संशयितांच्या यादीत ते आहेत. दाण्यांची धूळ उडवू नका, हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. पुढच्या वेळी केशरी जेल घ्या, जी ओली झाली की हिरवी पडते, तिच्यात कोबाल्ट नसतं. माझं खरं मत विचाराल तर जेलसाठी मायक्रोवेव्हपेक्षा जुना ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, कितीतरी बरा, ११० ते १२० डिग्रीवर दीड-दोन तास, मग स्टीलची पसरट थाळीसुद्धा चालते आणि हा सगळा भांड्याचा घोळच उरत नाही. फक्त तो ओटीजी केकसाठी वापरायचा नाही.

बुटांच्या खोक्यातून येतात त्या छोट्या पुड्या तशाच्या तशा मायक्रोवेव्हमध्ये टाकू नका, कागद जळतो किंवा पुडी फुटते.

मॅडम, डब्यावर 'मायक्रोवेव्ह सेफ' असं स्पष्ट लिहिलं होतं, त्रिकोणात ५ आकडाही होता. त्यात ओलं मीठ सुकवायला ठेवलं, प्रयोगासाठी कोरडं हवं होतं. आठ मिनिटांनी पाहिलं तर तळाला खड्डा पडून डबा ताटलीला चिकटलेला. मग सेफ कशाला लिहितात?

लिहितात ते खरंच असतं, पण ते अन्नासाठी असतं. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ते १६०-१६५ डिग्रीच्या आसपास वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. वरण, भात, भाजी यात पाणी असतं म्हणून ते १०० डिग्रीच्या फार वर जात नाही, आणि तेवढं हा डबा आरामात सोसतो. 'सेफ'चा अर्थ एवढाच.

तुमच्याच घरातला एखादा जुना डबा बघा. ज्यात मिसळीचा रस्सा किंवा चिकनची तर्री गरम केली असेल त्याच्या आतल्या बाजूला, जिथपर्यंत तर्री आली होती तिथे, एक लालसर पट्टा असतो, बोट फिरवलं की खरखरीत लागतो, घासून जात नाही. पाणी १०० ला उकळून जातं पण वर तरंगणारं तेल त्याच्या खूप पुढे तापतं, आणि तेवढ्याच पट्ट्यात प्लास्टिक मऊ होऊन रंग आत शिरतो. तेलाने हे होतं तर मिठाचं काय झालं असेल बघा. ओल्या मिठात सुरुवातीला पाणी असतं, ते खारं पाणी साध्या पाण्यापेक्षा जोरात लहरी खातं, मग पाणी आटत जातं आणि शेवटी तळाला थोडासा दाट खारट चिखल उरतो, सगळी उष्णता त्या एवढ्याशा जागेत. तळाला खड्डा पडला तो तिथेच.

म्हणून सुकवायच्या कामाला प्लास्टिक नकोच, कुठलंच नको. १ आकड्याचं, म्हणजे पाण्याच्या बाटलीचं, ते तर ७०-८० डिग्रीला वाकडं होतं. ६ आकड्याचं थर्माकोल-वर्गातलं १०० च्या आसपासच मान टाकतं. आणि मेलामाइनच्या रंगीत ताटल्या दिसायला चिनी मातीसारख्या, पण त्या स्वतःच लहरी खाऊन तापतात आणि त्यातून मेलामाइन आणि फॉर्मल्डिहाइड सुटू शकतं, त्यात तर जेवणसुद्धा गरम करू नका. सिलिकॉनचे केकचे साचे २०० डिग्रीपर्यंत टिकतात खरे, पण ते वास आणि तेलकटपणा धरून ठेवतात, रसायनाला नको.

मीठ सुकवायचंच असेल तर काचेच्या पसरट डिशमध्ये, १-१ मिनिटाच्या फेऱ्या, आणि चिखल झाला की मायक्रोवेव्ह बंद. उरलेलं पंख्याखाली किंवा उन्हात. थोडा वेळ जास्त जाईल, पण जाऊ दे.

मुलगा नववीत आहे, यूट्यूब बघून घरी प्रयोग करतो. खताच्या दुकानातून आणलेला सोरा धुऊन परत मायक्रोवेव्हमध्ये सुकवायचा म्हणतोय, कुठलं भांडं देऊ म्हणून मलाच विचारतोय. त्याने त्यात दुसरं काय घातलंय मला कळत नाही. देऊ का?

नाही ताई, देऊ नका. काचेचंही नाही, कुठलंच नाही.

सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, त्यात ऑक्सिजन बांधलेला असतो. एकटा असेल तर तो शांत असतो, पण साखर, कोळसा, गंधक, कागदाचा लगदा, असं काहीही जळणारं त्याच्यात मिसळलं की ते मिश्रण पेट घेतं आणि विझवता येत नाही, कारण त्याला बाहेरची हवा लागतच नाही. मायक्रोवेव्हमध्ये उष्णता एकसारखी पसरत नाही. लहरी २.४५ गिगाहर्ट्झच्या असतात, म्हणजे साधारण १२ सेंटिमीटर लांबीच्या, त्यामुळे आत काही जागा खूप गरम आणि काही गार राहतात, पापड भाजताना मधे काळा ठिपका पडतो आणि कड कच्ची राहते तो याचाच प्रकार. असल्या मिश्रणाला एक काळा ठिपका पुरतो. आणि दार बंद असलेल्या पेटीत.

आत्ता करायचं ते सांगते. मिश्रण ओलं आहे तर ओलंच राहू द्या, आणखी पाणी घाला, वाळू देऊ नका. त्याला न ओरडता विचारा की यात काय काय घातलंयस. फक्त सोरा आणि पाणी असेल तर काचेच्या ताटात पंख्याखाली दोन दिवस ठेवला तरी वाळतो, तापवायची गरजच नाही. दुसरं काही असेल तर तसंच पाण्यात बुडवून ठेवा आणि शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकांना घरी बोलवून दाखवा, घेऊन शाळेत जाऊ नका. मुलाला उत्सुकता आहे ही फार चांगली गोष्ट आहे, ती मोडू नका, त्याला मला लिहायला सांगा, मी त्याला स्फटिक वाढवायचे प्रयोग पाठवते, त्यात महिनाभर गुंतून जाईल.

बाकीच्यांनीही हे लक्षात ठेवा, नायट्रेट, क्लोरेट, पोटॅशियम परमँगनेट यातलं काहीही घरच्या मायक्रोवेव्हमध्ये जाणार नाही. स्पिरिट, ॲसिटोन, थिनरने ओलं झालेलं काहीही जाणार नाही, त्याची वाफ पेटीत भरते आणि एक ठिणगी लागते. पारा, शिसं यांचे क्षार नाहीत, आम्ल नाही, धातूची पूड नाही, ग्राफाइट नाही. या यादीसाठी 'सेफ' भांडं जगात कुठेच मिळत नाही.

आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या शाळेत शिकवतो. मोरचूद (कॉपर सल्फेटचे निळे खडे) आणि तुरटीतलं स्फटिकजल, म्हणजे स्फटिकात बांधलेलं पाणी, घालवून दाखवायचंय, गॅस सिलिंडर संपलाय, स्टाफरूममध्ये मायक्रोवेव्ह आहे. चिनी मातीच्या वाटीत चालेल का?

वाटी चालेल, पण मायक्रोवेव्ह या कामाला चांगला नाही आणि त्याचं कारण मुलांना सांगण्यासारखं आहे. लहरी पाण्याच्या रेणूंना इकडून तिकडे फिरवतात आणि त्या घुसळण्याने उष्णता होते. स्फटिकातलं पाणी मोकळं नसतं, जागच्या जागी जखडलेलं असतं, ते नीट फिरूच शकत नाही. बर्फाचंही तसंच, फ्रीझरमधले मटार मायक्रोवेव्हमध्ये ठेवले की कडेचे शिजून जातात आणि मधला गोळा बर्फच राहतो, कारण जिथे आधी पाणी झालं तिथेच लहरी खपतात. मोरचुदाचं असंच ठिगळं-ठिगळं होईल, काही खडे पांढुरके, काही निळेच.

मोरचुदात वजनाच्या ३६ टक्के पाणी असतं, ते टप्प्याटप्प्याने जातं, शेवटचा रेणू निघायला २०० डिग्री लागतात. त्यासाठी परीक्षानळी आणि स्पिरिटचा दिवा पुरे, चमचाभर खडे घ्या, नळीचं तोंड किंचित खाली झुकलेलं ठेवा म्हणजे वर जमलेलं पाणी गरम तळाकडे परत येत नाही. पांढरी पूड गार झाली की त्यावर पाण्याचा एक थेंब सोडा, ती निळी होते आणि नळी हाताला कोमट लागते, मुलांना ते फार आवडतं. मोरचूद विषारी आहे, द्राक्षबागेत बुरशीवर फवारायच्या बोर्डो मिश्रणात घालतात तोच, त्यामुळे स्टाफरूमच्या मायक्रोवेव्हमध्ये, जिथे तुमचे डबे गरम होतात, तो तसाही जाता कामा नये.

तुरटीचं मात्र वेगळं. ती ९२ डिग्रीला स्वतःच्याच पाण्यात वितळते, आणि एकदा द्रव झाली की जखडलेलं पाणी मोकळं होतं, लहरी धडाधड खातं, फेस येऊन वाटीबाहेर येतो. त्यापेक्षा जुन्या लोखंडी तव्यावर तुरटीची लाही करतात तशीच करा, आजीला माहीत असलेली पद्धत आहे. आधी खडा ओघळतो, मग बुडबुडे, मग पांढरी हलकी कुरकुरीत लाही. आधीचं आणि नंतरचं वजन करायला लावा, जवळपास निम्मं होतं.

न्यू जर्सीत राहतो, इथे पायरेक्सची डिश सगळीकडे मिळते, तीच बोरोसिलिकेट ना?

नाही. अमेरिकेत आता स्वयंपाकासाठी विकली जाणारी पायरेक्सची डिश टेम्पर्ड, म्हणजे तापवून झटकन गार करून कणखर केलेल्या, सोडा-लाइम काचेची असते. पडली तर पटकन फुटत नाही, पण गरम-गार सोसण्यात ती कमी पडते. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडून बोरोसिलिकेटची पसरट डिश घ्या, क्रिस्टलायझिंग डिश म्हणतात तिला, उभ्या कडेची असते आणि याच कामासाठी बनवलेली आहे. आपल्याकडचे ओपलवेअरचे पांढरे डिनर सेट हेही टेम्पर्ड असतात, जेवण गरम करायला उत्तम, रसायन सुकवायला नाहीत.

काम झाल्यावर मायक्रोवेव्ह नीट पुसून घेतला तर त्यात परत जेवण गरम करता येईल का?

हे तिघांनी विचारलंय. साधी पांढरी सिलिका जेल, खाण्याचं मीठ, खाण्याचा सोडा एवढंच सुकवलं असेल तर हो, ओल्या फडक्याने पुसा, ताटली धुवा, झालं. खाण्याचा सोडा तापवलात तर त्याचा धुण्याचा सोडा होतो, तो डोळ्यांना आणि हाताला झोंबतो, एवढं ध्यानात ठेवून पुसा.

बाकी कशासाठीही वापरलात तर नाही. वाफेबरोबर बारीक कण उडतात आणि ते फक्त भिंतीवर बसत नाहीत. आतल्या उजव्या बाजूला बहुतेक मशिनांमध्ये एक पुठ्ठ्यासारखा पातळ चौकोन असतो, अभ्रकाचा, लहरी त्यातूनच आत येतात. त्याच्या मागे फडकं पोचत नाही, वर असलेल्या जाळीच्या भोकांतही नाही. म्हणून अशा कामाला जुना, भंगारवाल्याकडे जायच्या वाटेवरचा मायक्रोवेव्ह वेगळा ठेवा, दार नीट लागतंय आणि बिजागरी सैल नाही हे बघून, गॅलरीत किंवा खिडकीपाशी. त्याच्या दारावर पांढरी पट्टी चिकटवून जाड मार्करने लिहा, 'जेवणासाठी नाही'. तेच त्या काचेच्या डिशवर आणि लाकडी चमच्यावरही लिहा. घरी कामाला येणाऱ्या ताईंना तोंडी सांगा, त्यांना तुमची पट्टी वाचायला वेळ नसतो.